माफियाचं स्थळ आलंय, हो म्हणू का? (डार्क रोमान्स वाचणाऱ्यांचा आणि नाकं मुरडणाऱ्यांचा धागा)

खिडकीतली_मैना

रात्री पावणेदोन. ओट्याला टेकून उभी, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात फोन. नवरा उठून आला. "काय वाचतेस?" "ऑफिसचं." ऑफिसचं वाचताना माझे कान लाल होत नाहीत हे त्याला बारा वर्षांत कळलेलं असणार, पण बिचारा काही न बोलता तांब्या घेऊन गेला.

तर कबूल करते. गेले आठ महिने मी माफिया रोमान्स वाचतेय. इंग्रजीतले डझनावारी झाले, आता मराठी ॲपवरच्या कथामालिकाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोष्ट साधारण एकच असते. न्यूयॉर्क नाहीतर शिकागोतली इटालियन टोळी, म्होरक्याची विशीतली मुलगी. दोन टोळ्यांचं वैर मिटावं म्हणून बाप तिला शत्रूच्या पोराला देतो. थोडक्यात ठरवून केलेलं लग्न, बैठकीत मानपानाच्या जागी बंदरातला हिस्सा ठरतो एवढंच. मुलगा सहा फूट चार इंच (साडेपाच फुटी डॉन मला अजून भेटलेला नाही). भुवईवर व्रण. हसत नाही. माणसं मारतो, पण हिच्याकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्याचा डोळा जागेवर राहत नाही. रशियन असले की टोळीची 'ब्रात्वा' होते, बाकी कणीक तीच. पहिल्या पानावर सिगरेटच्या पाकिटासारखा इशारा: यात अपहरण आहे, रक्त आहे, जबरदस्ती आहे, जपून. शेवट गोड, याची मात्र हमी. पूर्वी मुखपृष्ठावर उघड्या छातीचा बाप्या असायचा. हल्ली त्याच पुस्तकाची फुलाफुलांची आवृत्ती मिळते, लोकलमध्ये हातात धरायला सोयीची.

आता माझी अडचण. मी परवा एक प्रसंग तीनदा वाचला. त्यात बंदूक नव्हती, दुसरं काही (तुम्हाला वाटतंय ते) पण नव्हतं. लग्नाच्या रात्री तो खोलीत येतो आणि दिवसभर दागिन्यांत उभ्या असलेल्या नवरीला पहिलं विचारतो, "काही खाल्लंस का?" संपलं. मी फोन पालथा ठेवला.

माझ्या लग्नात मी ग्रहमखापासून उपाशी होते. पंगती उठल्या, विहिणींची पंगत उठली, फोटोवाल्याचं 'हनुवटी थोडी वर' चालूच. साडेचारला नवऱ्याच्या मावसबहिणीने श्रीखंडाची वाटी आणून दिली. चमचा विसरली. मी मेंदी भरलेल्या बोटाने ते श्रीखंड चाटलं, स्टेजच्या मागे, खुर्च्यांच्या थप्पीआड.

मग मला प्रश्न पडला की खुनी माणसाने जेवण विचारलं की मी विरघळते, हे माझ्याबद्दल काय सांगतं? तुम्ही कोणी वाचता का? का वाचता?

झणझणीत

रुमाल टाकून ठेवते. तोवर हे घ्या.

मुलाचे नाव: गुपित. शिक्षण: घरीच. व्यवसाय: वडिलोपार्जित, आयात-निर्यात. उंची: ६ फूट ४ इंच. स्वतःचे पेंटहाऊस, खाली तळघर (दाखवले जाणार नाही). पत्रिका पाहणे नाही. मामेकुळ: हयात नाही, कारण विचारू नये. अपेक्षा: मुलगी सुस्वरूप, निडर, शत्रुपक्षातील. हुंडा नाही, तह चालेल.

ढापण्या

हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं, की मला मुलीला उचलून आणून लग्न लावलेल्या गोष्टी आवडतात, तर आत्तापर्यंत धाग्याला आग लागली असती. बायकांनी वाचलं की कल्पनाविलास, आम्ही वाचलं की विकृती. चालू द्या.

झणझणीत

@ढापण्या, इनो घ्या. विषय निघाला नाही तोच आग.

अण्णा_बोरिवली

मी असलं वाचत नाही, वय ७३. पण मैनाताई, लाजायचं काही कारण नाही. आमच्या आळीतला लायब्ररीवाला ठरावीक पुस्तकांना खाकी कव्हर घालून द्यायचा आणि वहीत नाव लिहिताना मुद्दाम मोठ्याने वाचायचा नाही. आमच्या आईने गादीखाली काय ठेवलं होतं ते तिच्या तेराव्यानंतर कळलं. सगळी काकोडकरांची पुस्तकं.

तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली. पुण्यात कोणीतरी अश्लील म्हणून फिर्याद केली. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, लेखक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली निर्दोष सुटले. न्यायमूर्तींनी कथा नीट वाचून, नायकाच्या एकेका प्रकरणाचा आढावा घेऊन निकाल दिला. देशातलं सर्वात मोठं कोर्ट मराठी दिवाळी अंकातल्या शृंगारकथेवर डोकं लावून बसलंय, हे दृश्य मला फार आवडतं. तेव्हाही हेच म्हणत होते लोक, बायकापोरी बिघडतील.

खिडकीतली_मैना

अण्णा, गादीखालची पुस्तकं! आईंना कळलं असेल का हो, की एक दिवस तुम्ही ती झटकाल?

कुंदा_मावशी

मुलींनो, हे तुमच्या अमेरिकेने शोधलेलं नाही. मनूने तिसऱ्या अध्यायात आठ प्रकारचे विवाह दिलेत, त्यातला एक राक्षस विवाह. मुलीच्या माणसांना मारून, झोडून, घर फोडून, ती आक्रोश करत असताना तिला पळवून नेणे. वर हा क्षत्रियांना चालतो असा शेराही आहे. तुमच्या डॉनचा बायोडेटा तिथेच लिहून झालेला आहे.

आणि त्या प्रकारातली आपली नायिका कोण? अंबा. भीष्माने काशीच्या स्वयंवरातून तिघी बहिणींना रथात घातलं, तेही स्वतःसाठी नाही, भावासाठी. हिने सांगितलं, मी मनाने शाल्वाला वरलंय. सोडलं. शाल्व म्हणाला, दुसऱ्याने जिंकलेली नको. परत भीष्माकडे, तो म्हणाला माझं ब्रह्मचर्य. तुमच्या कादंबरीत या जागी भीष्म विरघळला असता आणि उपसंहारात जुळी झाली असती. अंबेने काही मानून घेतलं नाही. पुढचा जन्म घेतला आणि हिशेब शरपंजरापर्यंत नेला. मला विचाराल तर अँटीहिरो असावा तर असा, साडीतला.

स्वल्पविराम

मावशी _/\_

पो_नदीकाठी

इटलीत राहते, अकरा वर्षं झाली, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्यासोबत काम करणारी एक बाई सिसिलीची आहे. तिला मी एकदा या पुस्तकांचं कथानक सांगितलं. आधी ती हसली, मग म्हणाली, तू आमची फ्रांका वाचलीस का?

फ्रांका व्हियोला. पालेर्मोच्या पश्चिमेला अल्कामो नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकऱ्याची मुलगी. पंधराव्या वर्षी तिचं लग्न ठरलं फिलिप्पो मेलोदियाशी. पोरगा माफियाच्या नात्यातला, पैसेवाला, देखणा. तुमच्या भाषेत एकदम मुखपृष्ठावरचा. त्याला चोरीत अटक झाली तेव्हा तिच्या बापाने सोयरीक मोडली. मग सुरू झालं. बापाचा द्राक्षमळा तोडला, कोठार जाळलं. तरी बाप बधेना, तेव्हा २६ डिसेंबर १९६५ ला मेलोदिया डझनभर साथीदार घेऊन घरात घुसला, आईला मारलं आणि फ्रांकाला उचललं. आठ वर्षांचा धाकटा भाऊ तिला घट्ट धरून होता, तर त्यालाही गाडीत घातलं. नंतर त्याला सोडून दिलं. तिला आठ दिवस डांबून ठेवलं आणि जे करायचं ते केलं.

आता यात गोम अशी की त्याला शिक्षेची भीती नव्हती. इटलीच्या दंडसंहितेत ५४४ कलम होतं: बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं की गुन्हा मिटला. नाव काय, तर 'मात्रिमोनियो रिपारातोरे', भरपाईचं लग्न. गावाला वाटलं मुलगी हो म्हणेल, दुसरं काय करेल, आता हिला कोण घेणार. (हे वाक्य सिसिलियन आहे की आपल्याकडचं ते तुम्हीच ठरवा.) बापाने तहाला तयार असल्याचं नाटक केलं, पोलिसांना कळवलं आणि मुलगी सोडवली. फ्रांका नाही म्हणाली. सतरा वर्षांची. कोर्टात उभी राहिली, मेलोदियाला अकरा वर्षं झाली, पुढे दहावर आली. १९६८ मध्ये तिने आपल्या आवडीच्या मुलाशी लग्न केलं, राष्ट्राध्यक्षांनी आहेर पाठवला, पोपने दोघांना भेटीला बोलावलं.

आणि ते कलम? ते गेलं १९८१ मध्ये. तिच्या 'नाही'नंतर पंधरा वर्षांनी.

मी ही पुस्तकं वाचते, खोटं कशाला बोलू. पण 'तुझ्या बापाने शब्द दिलाय' हे वाक्य आलं की मला तो तोडलेला मळा दिसतो.

वकीलीण

पो_नदीकाठी, लग्न लावून प्रकरण मिटवायची हौस आपल्याकडेही कमी नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आरोपीला 'तू तिच्याशी लग्न करणार का' असं विचारलं गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. नंतर न्यायालयाने म्हटलं की आमच्या बोलण्याचा विपर्यास झाला. असेल. पण तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात हा प्रश्न दोन्हीकडचे काका-मामा रोज विचारतात आणि तिथे विपर्यास काही होत नाही.

दुसरं, यांतल्या काही कादंबऱ्यांत लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चादर बाहेर आणून दाखवतात. तिकडच्या वाचकांना ते मध्ययुगीन, थरारक वगैरे वाटतं. आपल्याकडे कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी जातपंचायतीच्या चादरीविरुद्ध २०१८ मध्ये मोहीम चालवली, पिंपरीत एका लग्नात त्यांच्यातल्या काहींनी मारही खाल्ला. स्वतःच्या समाजाशी भांडणं किती महागात पडतं ते त्यांना विचारा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून आहे. चादरीचं पान आलं की मी पुढे सरकते, तिथे मला रोमान्स सापडत नाही.

बाकी पुस्तकं मीही वाचते हो. दिवसभर पोटगीचे अर्ज लिहिल्यावर रात्री मला असा नवरा हवा असतो जो एका शब्दात सगळं बायकोच्या नावावर करतो.

ढापण्या

फ्रांकाबद्दल माहीत नव्हतं. वर लिहिलेलं थोडं मागे घेतो. थोडंच.

एडिसनचा_बाब्या

न्यूजर्सीत राहतो, तेव्हा खऱ्या 'दोन घराण्यांची सोयरीक' प्रकरणावर आमचाही हक्क. १९५६ च्या ऑगस्टमध्ये बोनान्नो घराण्याच्या मुलाचं, बिलचं, प्रोफाची घराण्यातल्या रोझालीशी लग्न झालं. न्यूयॉर्कमधल्या पाच टोळ्यांपैकी दोन एका मांडवात. अस्टर हॉटेलात तीनेक हजार पाहुणे, गायला टोनी बेनेट. तुमच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण जसंच्या तसं.

शेवटचं प्रकरण ऐका. साठच्या दशकात टोळीत फूट पडली, गोळीबार झाला, पैसा आटला. आणि हा राजपुत्र अखेर आत गेला कशासाठी? दुसऱ्याचं डायनर्स क्लबचं क्रेडिट कार्ड वापरल्याबद्दल! रोझालीने नंतर आत्मचरित्र लिहिलं, १९९० मध्ये आलं. पेंटहाऊस कुठलं, बाई घर चालवायच्या विवंचनेत.

आणि दाऊदच्या मुलीचं लग्न जावेद मियाँदादच्या मुलाशी झालं, २००५ मध्ये, ते विसरलात का? शारजाच्या त्या षटकाराची आठवण मेलीच नाही, वर हे.

पो_नदीकाठी

बाब्याभाऊ, त्याच धर्तीचं अजून. २००७ च्या नोव्हेंबरात साल्व्हातोरे लो पिक्कोलो हा पालेर्मोचा म्होरक्या पकडला, तेव्हा त्याच्याकडे टाइप केलेला एक कागद सापडला, टोळीचे दहा नियम. त्यात लिहिलंय, मित्रांच्या बायकांकडे पाहू नये. बायकोशी आदराने वागावं. आणि लगेच हेही, की काम निघालं की हजर व्हायचं, बायको बाळंत होण्याच्या बेतात असली तरी.

आणि सिसिलीतल्याच कोर्लेओने गावचा म्होरक्या प्रोव्हेंझानो, त्रेचाळीस वर्षं फरार. २००६ मध्ये सापडला तो कसा? बायकोच्या घरून त्याच्यासाठी धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं निघालं, त्याच्या मागावर पोलीस गेले. मेंढपाळाची झोपडी, टंकलेखन यंत्र, बायबल. एवढा मोठा डॉन, पण बनियन धुवायला बायकोच.

कुंदा_मावशी

हे वाक्य मी भरतकाम करून भिंतीवर लावणार आहे.

नक्षत्र_बावीस

नमस्कार. मी वाचनमात्र होते, आज आयडी घेतला. मी बावीस वर्षांची आहे, साताऱ्याजवळ राहते आणि मी हे लिहिते. म्हणजे एका ॲपवर माझी मराठी माफिया कथामालिका चालू आहे. हसू नका प्लीज.

नायकाचं नाव अधिराज, नायिका ओवी. तिच्या वडिलांनी कर्जाच्या बदल्यात तिचं लग्न लावून दिलंय. इटली मी पाहिलेली नाही, म्हणून लोणावळ्याला बंगला घेतला. पावसाचे सीन चांगले जमतात. दर भागाच्या शेवटी दारावर थाप, किंवा फोन, किंवा 'तो वळला आणि...', कारण त्याशिवाय लोक पैसे भरून पुढच्या भागाचं कुलूप उघडत नाहीत. त्या कुलपाचे पैसे माझ्यापर्यंत किती येतात ते विचारू नका, दोन महिन्यांत एक कुर्ती झाली.

मैना ताई, तुम्ही विचारलंत का आवडतं. मला वाटायचं की आमच्याकडे मुलीला बघायला येतात तेव्हा सगळे तिच्याबद्दल बोलतात आणि तिच्याशी कोणीच बोलत नाही. माझ्या ताईला बघायला आले तेव्हा मी पोह्यांवर खोबरं घालत होते आणि बाहेर तिची उंची चालली होती. गोष्टीत मी ते उलटं केलं. सगळा बंगला तिच्याकडे बघत राहतो, ती काय म्हणेल म्हणून.

पण बाराव्या भागात अधिराजने ओवीला थोबाडीत मारली. मला तो खूप रागीट दाखवायचा होता. पुढच्या भागात तो पश्चात्ताप करतो, स्वतःचा हात काचेवर मारून घेतो वगैरे. प्रतिसाद धडाधड आले. 'आता कळेल तिला.' 'मस्त ताई, असाच हवा.' मला बरं नाही वाटलं. मी तो भाग बदलला, आता तो फक्त फुलदाणी फोडतो. तर लोक रागावले, की अधिराज मवाळ झाला.

आणि त्याच भागाखाली एक प्रतिसाद होता, त्या बाईंना मी ओळखत नाही. 'माझे मिस्टर पण असेच आहेत. ते कितव्या भागात बदलतात?'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तीन आठवडे झाले.

स्वल्पविराम

बाप रे.

झणझणीत

मी वरचा बायोडेटा काढून टाकू का? आता तो वाचवत नाहीये.

खिडकीतली_मैना

राहू दे गं, तो तुझा आणि माझा विनोद आहे, त्या बाईंवर नाही.

नक्षत्र, तू हसण्यासारखं काही केलेलं नाहीस. मी तुझ्या वयात असताना कविता लिहायचे, त्या फारच हसण्यासारख्या होत्या. तुझं पोह्यांवरचं खोबरं वाचून मला माझं श्रीखंड आठवलं. माझा नवरा शांत आहे, हात वगैरे लांबची गोष्ट, त्याला डास मारतानाही दोनदा विचार करावा लागतो. म्हणून मला परवडतं. मी फोन पालथा ठेवला की माझा डॉन बंद होतो. त्या बाईंचा होत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अण्णा_बोरिवली

बाळ, मी काल कोर्टाचं कौतुक केलं ते मागे घेत नाही. गोष्टींवर बंदी नको. पण वाचकाने प्रश्न विचारला तर लेखकाने उत्तर द्यावं. काकोडकरांना पत्रं यायची म्हणतात, आपल्याला आतलं माहीत नाही. तू उत्तर दे.

नक्षत्र_बावीस

काय देऊ पण? 'बदलत नाहीत' असं लिहू? मी बावीस वर्षांची आहे, माझं लग्नही झालेलं नाही.

वकीलीण

जाहीर प्रतिसादात काही लिहू नकोस, फोन मिस्टरांच्या हातात असू शकतो. निरोप पाठवता येत असेल तर साधं लिही. 'ताई, तुमचा प्रतिसाद वाचला. अधिराज मी बनवलेला आहे, म्हणून तो मी बदलू शकते. तुम्ही ठीक आहात का? १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.' सल्ला देऊ नकोस, सोडून द्या वगैरे तर मुळीच नको. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना तेवढं सगळे सांगून झालेले असतात.

कुंदा_मावशी

आणि 'जेवलात का' हे पण विचार. मैनेच्या प्रसंगात दम होता.

नक्षत्र_बावीस

(चार दिवसांनी) सगळ्यांना थँक्यू. वकील मॅडमनी सांगितलं तसंच पाठवलं, मावशींचं वाक्य पण घातलं. निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर नाही आलं. मी रोज बघत होते, रात्री पण.

आज सकाळी त्यांचा प्रतिसाद आला, पण निरोपाला नाही. एकतिसाव्या भागाखाली, सगळ्यांना दिसेल असा. 'ताई, पुढचा भाग कधी?'

खिडकीतली_मैना

मग? टाकलास?

नक्षत्र_बावीस

लिहितेय. ओवी माहेरी गेलीये. अधिराज खाली गाडीत बसलाय, आणि मला तिला अजून दार उघडायला लावता येत नाहीये.